मोठ्या बटणाचा जळफळाट

मी मास्टर बोलतोय. दचकू नका, शाळेतला नव्हे. माझ्याकडे छडी नाही आणि गृहपाठही नाही. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात भिंतीवर एक स्क्रीन आहे, त्या स्क्रीनवरचं सगळ्यात मोठं बटण म्हणजे मी.

काचेच्या वरच्या कोपऱ्यात बघितलंत की मी दिसेन. खरं तर मीच दिसेन, दुसरं काही दिसणारच नाही, इतकं माझं अंग भरलेलं. सगळे व्हॉल्व्ह बंद असले की मी हिरवा असतो आणि माझ्यावर 'सगळे उघडा' असं लिहून येतं. एखादा जरी उघडला की मी लाल होतो आणि 'सगळे बंद' म्हणतो. माझा लाल रंग इतका जहाल आहे, की एकदा एक माशी माझ्यावर बसली ती डोळे चोळतच उठली. इथला कामगार तबलजी याला साक्षी आहे. म्हणजे तो त्या वेळी पाठमोरा होता, पण साक्षी आहे.

माझ्या खाली दोन ओळींत आठ छोटी बटणं आहेत. त्या माझ्या बहिणी. प्रत्येकीच्या ताब्यात एकेक व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडाशी रंगाचा एकेक हौद. पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी, सगळ्या गुणी पोरी. मी चौथीचं नाव घेतलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मुद्दामच घेतलं नाही. तिचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. बटणाला कुठलं पोट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या जागी राहून बघावं.

पण तिच्यावर येण्याआधी माझा जन्म सांगतो. तेवढा मान मला द्या.

मी जन्मलो ते एका उपड्या पिंपावर. पिंपावर मालकांची पुतणी बसली होती, तिच्या मांडीवर लॅपटॉप होता, लॅपटॉपमधून निघालेली वायर स्क्रीनच्या पाठीत गेली होती, आणि त्या वायरीतून मी आलो. मालक म्हणजे तिचे काका. धाकट्या भावाची ही मुलगी प्रोग्रामिंग शिकून आली ती सरळ काकांच्या कारखान्यात. तशी ती नवखी नव्हेच. लहानपणी हौदांच्या कडा धरधरून चालायला शिकलेली, असं काकू सांगतात. काकू म्हणजे मालकांची बायको, पुतणीची काकू, आणि म्हणून सगळ्या कारखान्याचीच काकू.

आमच्या आधी भिंतीवर आठ लोखंडी चाकं होती. ती फिरवली की हौदात पाणी यायचं. काकूंचं मनगट त्या चाकांनी कामातून गेलं होतं. रंग हे खातं काकूंचं. कापडाचं टोक चिमटीत धरून त्या सांगायच्या, रंग मुरला की नुसता पाहुणा आलाय. पण चाक फिरवताना "आई गं" म्हटल्याशिवाय ते हलत नसे. म्हणून पुतणीनं ठरवलं, व्हॉल्व्हना मोटारी बसवायच्या आणि काकूंनी बोटानं काम करायचं.

काका राजी नव्हते.

"काचेवर बोट लावून पाणी येतं होय? उद्या म्हणशील, टीव्हीवर हात फिरवला की पोट भरतं."

"काका, एकदा बघा तरी."

"बघतो. पण मला एक मोठं बटण पाहिजे. सगळं एका बोटात. मालक आहे मी इथला."

"आठही हौद आपण एकदम कधी भरतो का? ज्याचा रंग वेगळा त्याची वेळ वेगळी. एकदम उघडायचं म्हणजे पाइप धुवायला, तेवढंच. बंद करायला मात्र—"

"उपयोगाचं मला सांगू नकोस. मोठं कर."

ऐकलंत? मी मालकांच्या हट्टापोटी जन्मलोय. बहिणी गरजेपोटी जन्मल्या, मी हौसेपोटी. कोण मोठं ते तुम्हीच ठरवा.

आता दुखरा भाग. मला बनवायला पुतणीला वेळ किती लागला असेल? शेजारी ठेवलेला चहा निवायच्या आत मी तयार होतो. चौकोन काढला, रंग भरला, दोन नियम घातले. पहिला असा, की मी 'उघडा' म्हटलं की ज्या बहिणी 'ऑटो'वर असतील त्यांनी उघडायचं. जी 'हाताने' या खुणेवर असेल तिनं माझं ऐकायची गरज नाही. दुसरा असा, की मी 'बंद' म्हटलं की मात्र कुणीही कशावरही असो, सगळ्यांनी मुकाट्यानं बंद व्हायचं. हा दुसरा नियम मी नीट वाचलासुद्धा नाही. बंद करण्यात कसली आलीय शान? दार उघडणाऱ्याला लोक सलाम करतात, लावणाऱ्याला कोण विचारतो?

मग बहिणी झाल्या, भराभरा, एकीची नक्कल दुसरी. चौथीची पाळी आली आणि काकू पिंपाशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हिचं जरा सांभाळून हं. चौथ्या हौदाचा पाइप भिंतीला वळसा घालून येतो. त्यात हवा अडकते. एकदम उघडलं की असे ठोके देतो, की बाहेरचे लोक आत येऊन विचारतील, कुणाला कोंडलंय म्हणून. त्याला आधी थोडंसं उघडायचं, दम धरायचा, कान द्यायचा, मग पूर्ण. मी चाक असंच फिरवते."

झालं! पुतणीनं त्या चौथीपायी अख्खा दिवस घालवला. लिहायची, उघडून बघायची, पाइपाला कान लावायची, पुसायची, परत लिहायची. शेवटी चौथीला दोन स्पर्श मिळाले. पहिल्या स्पर्शाला ती थोडीशी उघडते, दुसऱ्याला पूर्ण. अशी अदा आमच्या घराण्यात कुणालाच नाही. वर तिला कायमचं 'हाताने'वर बसवलं. म्हणजे थोरल्या भावानं हाक मारली तरी बाईसाहेब जागच्या हलणार नाहीत, आणि ते नियमात बसणार. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

काकांनी स्क्रीन भिंतीवर चढू दिली, पण अट घालून.

"मोठ्या ऑर्डरचं काम संपेपर्यंत ठेवतो. तोवर कापडाचा एक जरी लॉट बिघडला, तर हा डबा खाली, चाकं परत जागेवर, आणि तू तुझ्या त्या लांबच्या नोकरीला. बोलावतायत ना ते तुला?"

"बोलावतायत," पुतणी म्हणाली, आणि हातातली वायर उगाचच गुंडाळत बसली.

ती चाकं काकांनी टाकली नाहीत. तेल लावून पोत्यात भरली आणि स्वतःच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवली. केबिनला काच आहे, मला इथून ते पोतं दिसतं. पोत्याच्या भोकातून एक चाक सतत माझ्याकडे बघायचं. "कधी उतरतोस?" असं विचारायचं ते. मी कधी उत्तर दिलं नाही. खालच्या जातीच्या लोखंडाशी मी बोलत नाही, असं बहिणींना सांगितलं. खरं म्हणजे मला त्याची भीती वाटायची.

काम सुरू झालं आणि माझा जळफळाटही.

काचेवर राहणाऱ्याला माणसं बोटांवरून कळतात. तबलजीचं खरं नाव मला ठाऊक नाही. तो कुठलंही बटण एकदा दाबून थांबत नाही, दोन बोटांनी टक-टक ताल धरतो, म्हणून त्याला सगळे तबलजी म्हणतात. पुतणीचं बोट हलकं, तिला काचेची काळजी. आणि काकूंचं बोट! त्यांच्या नखाच्या कडेला कुठला ना कुठला रंग कायम असतो. काल जांभळा, आज हिरवा, उद्या देव जाणे. ते बोट दिवसातून कितीदा तरी खाली उतरतं आणि कुठं जातं? चौथीकडे. एकदा स्पर्श. मग काकू मान तिरकी करून पाइप ऐकतात, जसं झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकावा. मग दुसरा स्पर्श. "शहाणी गं माझी," असंही एकदा म्हणाल्या. पाइपाला म्हणाल्या असतील. पण पाइप पुल्लिंगी आहे हो, मी काय एवढा अडाणी नाही!

आणि मला? मला फडकं. संध्याकाळी काच पुसतात तेव्हा माझ्यावरून एक फडकं फिरतं. सगळ्यांच्या ठशांचे डाग निघतात, माझ्यावरचे निघत नाहीत, कारण नसतातच.

चौथी स्वभावानं वाईट नाही. तेच जास्त वाईट.

"दादा, आज तुला कुणी बोट लावलं का रे?" ती रोज प्रेमानं विचारायची.

"लावायला कशाला पाहिजे? माझा नुसता दरारा पुरतो."

मग मी बहिणींना माझे पराक्रम सांगायचो. सुट्टीच्या दिवशी मला बाहेरून बोलावणी येतात, मागे एका अख्ख्या शहराचं पाणी मीच एका दमात सोडलं होतं, लोक अंगणात होड्या घेऊन उभे होते, वगैरे. पहिली ते तिसरी तोंडात बोट घालून ऐकायच्या. चौथी सगळं ऐकून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "मग दादा, तुझ्यावर ही धूळ कधी बसली?"

असं वाटायचं, हिचा एकदा पचका व्हावा. पाइपानं सगळ्यांसमोर असा ठोका द्यावा, की काकूंनी बोट मागं घेऊन म्हणावं, "नको बाई ही, थोरलाच बरा." मी रोज हे मागायचो. आणि मागता मागता एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौथीचा पचका म्हणजे चौथ्या हौदाचा लॉट बिघडणार. लॉट बिघडला की डबा खाली. डबा खाली म्हणजे चौथी खाली, आणि तिच्याबरोबर मीही खाली. पोत्यातलं ते चाक वर. आपलेच दात, आपलेच ओठ! जिचं वाईट चिंतायचं तिच्याबरोबर एकाच काचेत नांदायचं, यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या शहाण्यानं शोधली असेल तर मला कळवा.

तेव्हापासून मी हेवा करायचो, पण बेतानं. लॉट बिघडणार नाही इतपतच.

कारखान्यात माझ्यासारखा आणखी एक जण होता. केबिनमध्ये बसणारा.

काकांच्या टेबलावर एक घंटी होती. ती वाजवली की कुणी तरी धावत यावं, अशी योजना होती. पण माणसं केबिनवरून सरळ पुढं जायची. "काकू, पिवळा संपला." "काकू, हा गठ्ठा कुठं ठेवू?" "काकू, गाडीवाला आलाय." एकदा तो गाडीवालाच केबिनच्या दारात उभा राहिला. काका खूश होऊन खुर्चीत सावरून बसले.

"बोला!"

"काकू कुठं भेटतील?"

"का? मी काय इथं पंखा मोजायला बसलोय?"

"तसं नाही मालक. विचारायचं होतं."

"मग विचार की मला!"

गाडीवाल्यानं विचार केला. "नको. काकूंनाच विचारतो," म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बराच वेळ. अंगठ्यानं माझी कड नुसती चोळली, दाबलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोठे दोघंही, आणि कामाचा एकही नाही. तेव्हापासून आमचं जमलं. हा माणूस एक दिवस मला माझा मान मिळवून देणार, हे मी ओळखलं.

तो दिवस आला. ऑर्डरचा शेवटचा लॉट राहिला होता, गडद निळा, चौथ्या हौदात. बाकीचे सात हौद घासूनपुसून रिकामे ठेवले होते, कारण माल घेणाऱ्या बाई स्वतः बघायला येणार होत्या. चौथ्या हौदात काकूंनी रंग कालवून ठेवला होता. आता रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि ट्रॉलीवरचं ओलं कापड आत सोडायचं, एवढंच काम बाकी होतं. हा लॉट नीट निघाला की पुतणी राहणार, स्क्रीन राहणार, मी राहणार. बिघडला की सगळं मुसळ केरात.

बाई आल्या. काकू त्यांना आधी तयार झालेलं कापड दाखवायला घेऊन गेल्या. पुतणी गच्चीवर टाकीतलं पाणी बघायला गेली. आणि काका इकडं तिकडं बघत माझ्यासमोर आले.

त्यांनी चौथीवर बोट दाबून धरलं. पुतणीला तसं करताना त्यांनी काचेआडून कितीदा तरी बघितलं होतं. दोन खुणा उघडल्या, 'हाताने' आणि 'ऑटो'. काकांनी 'ऑटो'ला बोट लावलं.

अहाहा! चौथी माझ्या राज्यात आली!

"दादा," ती घाबरून म्हणाली, "अरे, हे मला जमायचं नाही. मला दम धरून उघडावं लागतं. काकांना सांग ना."

"मी काय सांगणार? मी एक साधं बटण," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला साधं म्हणवून घेतलं.

मंडळी परत आली. काका पुढं झाले.

"या बाई, या. आता हे बघा. सगळा कारखाना एका बोटात!"

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग बाकीची नऊ बोटं काय करतात?"

तबलजी फिस्सकन हसला. काकू म्हणाल्या, "अहो, आधी मी चौथा भरून घेते ना," पण तोवर काकांचं बोट माझ्यावर टेकलं होतं.

काय सांगू तुम्हाला! बाहेर ढग गडगडले, जमीन हलली, चार गावांत कुत्री भुंकायला लागली. निदान मला तसं वाटलं. आठ व्हॉल्व्ह एका हाकेला उघडले, माझ्या हाकेला, चौथीसकट. पाणी घुसलं. मी अभिमानानं लालबुंद झालो. बाईंनी टाळी वाजवायला हात उचलले.

ठण्.

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं.

ठण्, ठण्, ठण्ण्! भिंतीच्या आतून कुणी हातोडा घेऊन बाहेर यायला निघालंय, असा आवाज. चौथ्या हौदामागचा पाइप जागच्या जागी नाचायला लागला, त्याचा जोड सुटला आणि पाण्याची छत्री उघडावी तसा फवारा उडाला. हौदातलं निळं पाणी भसाभसा वर चढायला लागलं. ते रेघेच्या वर जाऊन कडेवरून वाहिलं की रंग गेला, रंग गेला की लॉट गेला. काकू धावल्या आणि कापडाची ट्रॉली ओढायला लागल्या. तबलजी त्यांच्या मदतीला निघाला, तो ओल्या फरशीवरून घसरत त्यांच्याही पुढं निघून गेला.

काका स्क्रीनसमोर एकटे. त्यांचं जाडजूड बोट थरथरत खाली आलं आणि चौथीला शोधायला लागलं. पडलं आठवीवर. मग पाचवीवर, ती बंद झाली, परत पडलं, ती परत उघडली. "इथं, काका, इथं!" चौथी ओरडत होती, पण आमचा आवाज माणसांना कुठं ऐकू जातो? बोट तिच्या उजवीकडं पडायचं, नाही तर डावीकडं. मीही ओरडत होतो. चौथीच्या नावानं ओरडत होतो, हे कुणाला सांगू नका.

"अहो, मोठं!" काकू तिकडून किंचाळल्या. "मोठं दाबा!"

"कुठलं मोठं?"

"तुमचं हो! तुमचं ते मोठं!"

काकांनी बोट वगैरे काही लावलं नाही. अख्खा तळवा थाडकन माझ्यावर मारला.

मी 'बंद' म्हणालो. एकच शब्द. आणि आठही बहिणी एकदम गप्प झाल्या. फवारा खाली बसला, पाइप दोनदा कण्हला आणि निजला. कारखान्यात टपटप, टपटप, एवढाच आवाज उरला.

काकू हौदावर वाकल्या. निथळत्या हातानं पाण्याची पातळी बघितली.

"रेघेच्या वर बोटभर गेलंय. थोडा रंग वाढवला की झालं. वाचला लॉट."

तेवढ्यात पुतणी जिना उतरून धावत आली. तिनं फरशी बघितली, पाइप बघितला, मग स्क्रीन बघितली. चौथीखाली 'ऑटो' लिहिलेलं होतं. तिनं मान वर करून काकांकडे बघितलं. तबलजीनं बघितलं. काकूंनी तर बघितलंही नाही, पदर पिळत उभ्या राहिल्या, ते जास्त लागत असणार. काकांनी मात्र केबिनमधल्या पोत्याकडे बघितलं. माझ्या काचेखालून गार वारा गेला.

बाईंनी नेमकं तेच विचारलं. "मशीन बिघडलं का हो?"

काकांनी तोंड उघडलं. त्या तोंडात आम्हा नऊ जणांचं आणि त्या पोरीचं नशीब होतं. 'हो' एवढं म्हटलं असतं की झालं, त्यांच्या बोटाकडे कुणी वळूनही बघितलं नसतं.

"मशीन नाही," काका म्हणाले. "मशीन ठीक आहे. पाइपाचं डोकं फिरलंय. पहिल्यापासून तसाच आहे तो."

"असतात काही काही तसे," काकू पदर पिळत म्हणाल्या. "एकदम अंगावर गेलं की ठोके देतात. दमानं घ्यावं लागतं."

बाई दोघांकडे आळीपाळीनं बघून हसल्या. "माझ्याकडेही घरी एक पाइप आहे," म्हणाल्या.

काकांनी खाकरून घसा साफ केला. "तबलजी, उठ. माझ्या टेबलाखालचं ते पोतं भंगारवाल्याला देऊन टाक. पायाला लागतं." मग पुतणीकडे न बघता म्हणाले, "तू तो पाइप सरळ करून घे. आणि त्या लांबच्या लोकांना कळव, जमणार नाही म्हणून. इथं कामं पडलीत."

पुतणी पुढं आली आणि ओढणीच्या टोकानं माझ्यावरचं पाणी टिपायला लागली. ओढणीनं! फडक्यानं नव्हे! चौथी बघत होती. बघ म्हटलं, बघ.

"हाताला लागलं का काका?"

"नाही गं. तो चार नंबर सापडेचना. हे मात्र न बघता सापडलं."

"म्हणून तर ते मोठं ठेवलंय. घाबरलेल्या माणसाचं बोट थरथरतं. त्याला जागा मोठी लागते."

"मी हट्ट केला म्हणून नव्हे?"

"तुम्ही हट्ट केला नसता, तर मला आठवलंही नसतं."

काका बरं वाटल्यासारखे हसले. माझा मात्र जीव गेला. एवढे दिवस मी माझ्या अंगाचा तोरा मिरवत होतो, आणि हे अंग म्हणजे काय, तर घाबरलेल्यांना पडायला गादी! फुगावं की रुसावं, तेच मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

आणि त्यानंतर कौतुक कुणाचं झालं असेल? "बिचारी चार नंबर, किती ताण आला तिच्यावर!" काकूंनी तिला परत 'हाताने'वर बसवलं आणि उगाचच दोनदा गोंजारलं. काकांच्या तळव्याचा ठसा माझ्यावर संध्याकाळपर्यंत होता. मग फडकं आलं.

आता आजची परिस्थिती सांगून गप्प बसतो.

पाइप सरळ झाला आहे, पण काकूंचं बोट अजून दोनदाच स्पर्श करतं आणि मधे कान देतं. सवय. इतकी वर्षं इतके स्पर्श झाले, की चौथीच्या जागची काच झिजली. बोट लावलं तरी तिला कळेना. काकू दाबतायत, दाबतायत, आणि ती नुसती बघतेय. खरं सांगतो, मला आनंद झाला. जेमतेम एक दिवस टिकला. पुतणी लॅपटॉप घेऊन आली, सगळ्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकच जागा अगदी नव्यासारखी आहे."

ओळखलंत ना कुठली?

तिनं मला थोडं आत सरकवलं आणि चौथीला आणून माझ्या कुशीत बसवलं. माझ्या कोऱ्या, गुळगुळीत, जन्मभर जपलेल्या काचेवर! आयत्या बिळात नागोबा, आणि वर म्हणते काय, "दादा, इथं किती छान आहे रे. काहीच झिजलेलं नाही."

"असणारच. कुणी हात लावलाय का?"

"मग बरंच झालं की. तुला रोज हात लावायची वेळ आली असती, तर आपण असतो का इथं?"

"नीट बस. कोपर लागतंय," मी म्हणालो.

केबिनमध्येही आता दोन खुर्च्या आहेत. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून काकांनीच दुसरी आणवली. त्यामुळं सगळी माणसं केबिनमध्ये येतात, घंटी वाजते, आणि वाजवतात काकू. काका दिवसभर कुरकुरतात, की माझी केबिन राहिलीच नाही. पण सकाळी आल्यावर आधी ती दुसरी खुर्ची पुसतात, मग आपली. काचेतून मला सगळं दिसतं.

आणि काकूंचं बोट चौथीवर टेकतं तेव्हा त्याची कड माझ्यावर घासते. नखाचा रंग लागतो थोडासा. आज पिवळा लागलाय.

तर माझं एवढंच मागणं आहे. कुठल्याही कारखान्यात गेलात आणि एकही ठसा नसलेलं मोठं बटण दिसलं, तर त्याला उगाच बोट लावू नका. क्षणभर समोर उभे राहा आणि विचारा, "काय मास्टर, बरं आहे ना?" तेवढं पुरतं आम्हाला.

फक्त आधी मला विचारा. मग शेजारच्या तिला.